पातळ कवच आणि एका जागचा भार

कुकडी प्रकल्पाच्या येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगे व डिंभे या पांच धरणांमुळें जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतील ऊसशेतीस बळ आलें. त्या उसावर निवृत्तीनगरचा विघ्नहर व पारगांवचा भीमाशंकर हे दोन सहकारी साखर कारखाने चालतात. रस्त्यानें जाणाऱ्याची दृष्टि कारखान्याच्या धुराड्याकडे वळते. साखर निघाल्यावर उरणारी मळी ज्यांत सांठवितात, त्या वाटोळ्या पोलादी टाक्यांकडे सहसा कोणी पाहत नाहीं. वास्तविक विचार करण्याजोगी वस्तु तीच होय.

अशा टाकीचा पत्रा किती पातळ असतो, हें कळल्यास अनेकांस नवल वाटेल. उदाहरणादाखल, २० मीटर व्यासाची एक टाकी घेऊं. तींत ८ मीटर उंचीपर्यंत मळी भरली आहे व तळाजवळचा पत्रा १० मिलिमीटर जाड आहे, असें समजूं. म्हणजे जाडी ही त्रिज्येचा हजारावा हिस्सा झाली. कोंबडीच्या अंड्याचें कवचसुद्धां आपल्या आकाराच्या मानानें याहून पुष्कळच जाड असतें. मळी पाण्याच्या सुमारें १.४ पट जड. तेव्हां तळाशीं दर चौरस मीटरला सुमारें ११ टन दाब पडतो. हा दाब टाकीस सर्व बाजूंनीं सारखा फुगवूं पाहतो. दाबास त्रिज्येनें गुणिलें म्हणजे पत्र्यांतील ओढ निघते: एक मीटर उंचीच्या पट्ट्यास सुमारें ११२ टन! तरीही पत्रा टिकतो. कारण दर चौरस मिलिमीटरवर ही ओढ अवघी ११ किलोग्रॅम येते, आणि साधें पोलाद कायमचें ताणलें जाण्यापूर्वीं याच्या दुपटीहून अधिक ओढ सोसतें.

मात्र हें सामर्थ्य एका अटीवर आहे. भार सर्वत्र सारखा पसरलेला असला पाहिजे. सारख्या भाराखालीं पत्रा केवळ ताणला जातो, आणि जाडीचा प्रत्येक कण सारखें काम करतो. तोच भार एका ठिकाणीं एकवटला, कीं पत्र्यास ताणाऐवजीं वांकावें लागतें. वांकण्याच्या कामीं पातळ पत्रा अगदीं दुबळा. जाडी निम्मी केली तर ताण सोसण्याची शक्ति निम्मी होते. परंतु वांकण्यास होणारा विरोध एक-अष्टमांशच उरतो. पाणी भरलेला तांब्याचा हंडा वर्षानुवर्षें टिकतो, आणि पायरीच्या कोपऱ्यावर एकदां आदळतांच त्यास पोचा पडतो, त्याचें कारण हेंच.

घरांतील चहाच्या पत्र्याच्या डब्यावर याचा पडताळा घेतां येतो. झांकण काढून उघड्या कांठाजवळ दोन बोटांनीं दाबावें. वर्तुळ लगेच लंबगोल होतें. झांकण घट्ट बसवून त्याच जागीं दाबावें. डबा दाद देत नाहीं. पत्रा तोच, बोटेंही तींच; झांकणानें वर्तुळास वर्तुळच राहण्यास भाग पाडलें, एवढाच फरक. बांबूच्या पेरांतील आडवे पडदे हेंच काम करतात.

लेण्याद्रीच्या चैत्यगृहाचें छतही अर्ध्या नळकांड्यासारखें आहे. पण त्यास ही चिंता नाहीं, कारण त्याच्या पाठीशीं सगळा डोंगर आहे. मनुष्यानें जोडलेल्या पत्र्यापाठीमागें डोंगर नसतो. पंपाकडे जाणारा नळ टाकीस जेथें मिळतो, शिडीचा कंस जेथें जोडलेला असतो, दुधाच्या टँकरचें आडवें नळकांडें ज्या खोगिरासारख्या बैठकींवर टेकतें, त्या जागा खऱ्या धोक्याच्या होत. उन्हानें नळ लांबला किंवा टाकीखालील जमीन थोडी खचली, तर तो नळ टाकीच्या पत्र्यास रेटूं लागतो. त्या रेट्याचा जोर जोडाच्या कडेशीं सर्वांत अधिक असतो. तेथून तो परिघाच्या दिशेनें लवकर ओसरतो, नळकांड्याच्या लांबीच्या दिशेनें मात्र अधिक दूर पोहोंचतो.

या प्रश्नाचें गणित इंग्लंडांत ए. ई. एच. लव्ह यांनीं १८८८ सालीं पातळ कवचांविषयीं मांडलेल्या सिद्धांतावर आधारलेलें आहे. आडव्या नळकांड्यांच्या बैठकींचा विचार एल. पी. झिक यांनीं १९५१ सालीं प्रसिद्ध केला. खोगिराच्या वरच्या टोकाशीं पत्र्यावरील ताण फार वाढतो, हें त्यांत दाखविलें आहे. नळांच्या जोडांचें गणित बायलार्ड यांनीं १९५० नंतरच्या दशकांत केलें.

हा विषय केवळ आंकड्यांचा नव्हे. १९१९ सालच्या जानेवारीच्या १५ तारखेस अमेरिकेंतील बोस्टन शहरीं मळीची एक टाकी फुटली. ती सुमारें ५० फूट उंच व ९० फूट व्यासाची होती. मळीच्या लोंढ्यांत २१ माणसें मृत्युमुखीं पडलीं व सुमारें १५० जखमी झालीं. टाकीचे पत्रे भाराच्या मानानें पातळ होते. तड तळाजवळच्या, माणूस आंत शिरण्यासाठीं ठेवलेल्या भोंकापाशीं सुरू झाली असावी, असें मानतात. ओढ बसलेल्या पत्र्यास गोल भोंक पाडलें, तर त्याच्या कडेशीं ओढ सुमारें तिप्पट होते, हें गणितानें सिद्ध आहे.

उपाय अवघड नाहींत. सगळी टाकी जाड करणें खर्चाचें आहे, आणि त्याची गरजही नसते. जोडाभोंवतीं पत्र्याचें जाड ठिगळ बसवावें व त्याचे कोपरे गोल ठेवावे. खोगीर नळकांड्याच्या निदान एक-तृतीयांश परिघास कवटाळील इतकें रुंद करावें, आणि तें शक्यतों टोकाच्या झांकणाजवळ ठेवावें. नळास एखादें वळण द्यावें, म्हणजे तो स्वतः लवेल, टाकीस रेटणार नाहीं. आणि दरसालच्या तपासणींत मधल्या सपाट, चकचकीत पत्र्यावर वेळ घालविण्याऐवजीं जोड, कंस व बैठकी यांच्या कडा आधीं पाहाव्या. टाकीच्या आसऱ्यानें काम करणाऱ्या माणसांचे प्राण त्या चार बोटें रुंदीच्या जागेवर अवलंबून असतात.