आधी औषध, मग योगनिद्रा

किन्हीराजासारख्या गावात माजी सैनिकाला मान असतो, आणि बरेचदा तोच मान त्याचं व्यसन झाकून ठेवायला लावतो. दारूपायी घरातून बाहेर पडावं लागल्यावर तो सैनिक बसथांब्यावर दिसू लागतो. त्याला योग, ध्यान, संगीत यांचा उपयोग होतो का? होतो, पण क्रम चुकला तर जिवावर बेततं.

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडली की काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो, झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भास होतात, माणसं ओळखू येत नाहीत. हे प्राणायामाने आवरत नाही. तिथे डॉक्टर, औषधं आणि बी-१ जीवनसत्त्वच हवं.

शरीर सावरलं की पूरक उपचारांची पाळी. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशनाच्या जोडीला योग, ध्यान, संगीत आहे. रात्री दचकून उठणाऱ्या सैनिकासाठी मला योगनिद्रा मोलाची वाटते: पडल्या पडल्या पायाच्या अंगठ्यापासून कपाळापर्यंत लक्ष फिरवायचं, झोपेसाठी बाटली लागू नये म्हणून. व्यसनमुक्तीसाठी कानाच्या पाच बिंदूंवर सुया टोचण्याची पद्धत न्यूयॉर्कच्या लिंकन हॉस्पिटलातून पसरली. तिचे पुरावे मात्र संमिश्र आहेत.

उघड्यावर झोपणाऱ्याला आधी निवारा लागतो. त्याची सेवेची कागदपत्रं हरवली असतील, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सोबत जा. व्यसनमुक्तीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे.