धुण्याच्या गाडीची चाकं

आज आपण चाकांबद्दल बोलू या. मोटारीच्या नाही, धुण्याच्या गाडीच्या चाकांबद्दल.

आमचा बचत गट तळोदा तालुक्यात सार्वजनिक धुलाईचं काम करतो. गावाचं धुणं असतं, वसतिगृहाच्या चादरी असतात. ओट्यावरून वाळवणीच्या तारांपर्यंत ओलं धुणं चार चाकांच्या गाडीवर जातं. मागच्या पावसाळ्यात उतारावर एक चाक अडकलं आणि गाडी कलंडली. धुतलेल्या चादरी काळ्या चिखलात गेल्या. एका ताईच्या पायाला लागलं, पंधरा दिवस तिची मजुरी बुडाली. चूक आमचीच होती. ते चाक आठवडाभर करकरत होतं आणि आम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करत होतो.

आपल्या घरचे लोक बैलगाडीच्या आखाला वंगण घातल्याशिवाय लांबच्या वाटेला निघत नसत. मग आपल्या गाडीला ते का नको? उलट हिला जास्तच हवं. साबण आणि सोडा कपड्यांवरचा तेलकटपणा काढतात, तसंच चाकातलं ग्रीसही धुऊन नेतात. ग्रीस गेलं की पाणी लोखंडाला लागतं, गंज धरतो, आणि बेअरिंगमधले छर्रे घासून संपतात.

म्हणून दर आठवड्याला एवढं करा. गाडी रिकामी करून आडवी करा आणि एकेक चाक हातानं फिरवा. मध्येच अडलं, तर आखाला दोरे, केस, चिंध्या गुंडाळल्या असतील. त्या कात्रीनं कापून चिमट्यानं ओढून काढा. चाक डुगडुगलं तर नट पान्यानं घट्ट करा, पण इतका नाही की चाक फिरेनासं होईल. करकर आली तर बेअरिंग बघा.

मग साध्या पाण्यानं साबण धुऊन टाका, पुसून पूर्ण वाळू द्या आणि नंतरच ग्रीस भरा. ओल्यावर ग्रीस धरत नाही. दुकानात पाण्यात टिकणारं ग्रीस मागा. घरातलं गोडेतेल घालू नका. त्यानं चार दिवस बरं वाटतं, मग ते चिकट होतं आणि धूळ धरतं. बाहेर आलेलं ग्रीस फडक्यानं पुसा, नाहीतर त्याचे डाग गिऱ्हाइकाच्या कपड्यांवर पडतील. पुढची दोन चाकं वळणारी असतील, तर ती जिथे वळतात त्या सांध्यालाही ग्रीस लावा.

चाक एका बाजूनं झिजलं किंवा चपटं झालं तर बदला. नवीन आणताना जुनं चाक सोबत न्या. उंची, रुंदी आणि आखाचं भोक, तिन्ही जुळायला हवीत. वाट खडबडीत असेल तर मोठं चाक घ्या. लहान चाक खड्ड्यात बसतं, मोठं त्यावरून निघून जातं. हवेचं चाक असेल तर हवा कमी होऊ देऊ नका, नाहीतर गाडी जड जाते आणि टायर कडेनं फाटतो.

भरण्याचीही रीत आहे. जड ओल्या चादरी तळाला आणि मधोमध ठेवा, हलकं धुणं वर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, म्हणून आधी पिळून घ्या. समोरचं दिसणार नाही इतकी रास करू नका. उतारावर दोघींनी गाडी धरावी.

अपघातानंतर आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. चाकं तपासायची पाळी वहीत लिहायची, आणि महिन्याच्या मिळकतीतून थोडे पैसे चाकांसाठी बाजूला ठेवायचे. चाक मोडल्यावर वर्गणी मागत फिरण्यापेक्षा हे सोपं जातं. गाडी बंद पडली तर ते ओझं शेवटी कुणाच्या डोक्यावर येतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

तेव्हा उद्या सकाळी गाडी भरायच्या आधी एकदा चाक फिरवून बघा, आणि ते करकरतंय का ऐका.