ट्यूबलाइटखालचा माज

ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांबद्दल आधी एक आणि अकरा दिवसांनी दुसरा आदेश दिला. तेव्हापासून ‘नसबंदी’ हा शब्द सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर भाजीच्या भावासारखा बोलला जातोय. या गदारोळात मांजर सोफ्याखालीच राहिलं. खरं तर 2001 च्या जन्मनियंत्रण नियमांच्या नावात कंसात ‘कुत्रे’ होतं. 2023 चे नवे नियम आले तेव्हा तो कंस गेला. मांजरवाल्यांना याची गंधवार्ता नसते. त्यांना जाग येते ती रात्री दोनला, मनी गळा काढते तेव्हा.

पाच महिन्यांचं, कालपरवापर्यंत दोरीशी खेळणारं पिल्लू. ते अचानक फरशीवर गडाबडा लोळू लागतं. पाठीवरून हात फिरवला की पुढून दबतं, मागून उचलतं, शेपटी एका बाजूला घेतं आणि मागचे पाय जागच्या जागी नाचवतं. खाण्यावरचं लक्ष उडतं, कधी पडद्यावर मुताची पिचकारीही बसते. पोटात दुखतंय, कंबर लचकली, असं वाटून लोक दवाखाना गाठतात. गावाकडच्या कुठल्याही गोठ्यात विचारलं असतं तर एका शब्दात निदान झालं असतं. माजावर आलीय.

गाईचा माज शेतकरी डोळ्यांत तेल घालून बघतो, कारण तो दिवसभरही टिकत नाही आणि हुकला तर एकवीस दिवस थांबावं लागतं. मांजरीचा साधारण आठवडाभर चालतो आणि तो बघावा लागत नाही, शेजाऱ्यांनाही ऐकू येतो. वळू असो वा नसो, गाईचं बीज ठरल्या वेळी सुटतं. मांजरीचं बहुतेक वेळा समागमाशिवाय सुटतच नाही. बोक्याच्या लिंगावर बारीक काटे असतात; त्यांच्या टोचणीचा निरोप मेंदूला गेला की संप्रेरक उसळतं आणि दिवस-दोन दिवसांत बीज सुटतं. बोका भेटला नाही तर माज उतरतो, दोन-तीन आठवड्यांत पुन्हा चढतो, पुन्हा उतरतो, पुन्हा चढतो.

यातला माझा आवडता आरोपी म्हणजे ट्यूबलाइट. मांजरीचा ऋतू चालतो उजेडावर. दिवस लांबले की चक्र सुरू, आखडले की बंद. म्हणून थंड देशांत हिवाळाभर शांतता असते. पुण्या-मुंबईत वर्षातला सगळ्यात छोटा दिवसही अकरा तासांचा, वर शेवटची मालिका संपेपर्यंत आपले दिवे चालू. मनीला मार्गशीर्ष लागला हे कळणार कसं? ‘सीझन संपू द्या’ हा परदेशी सल्ला इथे म्हणूनच बिनकामाचा.

त्या आठवड्यात करण्यासारखं फारसं नसतं. खिडक्यांच्या जाळ्या तपासा, दार उघडताना पायात बघा, तिला खेळवून दमवा, ओरडू नका. माज दाबायची हॉर्मोनची गोळी किंवा इंजेक्शन सुचवणारे भेटतील. त्याने गर्भाशयात पू होणं, स्तनांना सूज-गाठी, मधुमेह असले घोर मागे लागू शकतात.

‘एक वेत होऊ द्या, मग नसबंदी करा’ असं सांगणारेही भेटतात. यातलं कुणी पुढे पिल्लं न्यायला आल्याचं मी पाहिलेलं नाही. शास्त्र उलटं सांगतं. पहिल्या माजाआधी, पाच महिन्यांच्या आत ऑपरेशन व्हावं, याला अमेरिकेच्या पशुवैद्यक संघटनेने 2017 मध्ये पाठिंबा दिला. तिथल्याच 2005 च्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या मांजरींत स्तनाच्या कर्करोगाचा धोका 91 टक्क्यांनी कमी आढळला. मांजरीच्या स्तनातली गाठ बहुधा कर्करोगाचीच निघते, हे लक्षात घेतलं की या आकड्याचं वजन कळतं.

माज चालू असताना गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, रक्तस्रावाची भीती जास्त. हात बसलेले सर्जन तेव्हाही करतात. बरेच जण माज उतरू द्या म्हणतात. मग उतरल्यावर आठवड्याभरातली तारीख आधीच घेऊन ठेवा. ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हटलं की नवा माज दारात उभा. त्यात ती एक रात्र निसटली, तर नऊ आठवड्यांनी कपाटात पिल्लं. त्यांचे बापही वेगवेगळे असू शकतात. अंगावर पाजतानाही ती पुन्हा माजावर येऊ शकते, तेव्हा पिल्लांचं दूध तुटलं की लगेच डॉक्टरांशी बोलावं.

आमच्या चिंगीची तारीख आम्ही दोनदा पुढे ढकलली, एकदा लग्नासाठी, एकदा गणपतीसाठी. तिसऱ्या माजानंतर मुहूर्त लागला. गळ्यातली कॉलर बारा दिवसांनी निघाली. खालचा पिवळा बोका मात्र पुढे कितीतरी दिवस पार्किंगमध्ये बसून आमच्या खिडकीकडे बघत गळा काढायचा. त्याच्या नसबंदीचा विषय गटावर अजून कुणी काढलेला नाही.