भीमसेनजींना ‘हरवणारं’ गाणं

१९५६ च्या ‘बसंत बहार’मधलं ‘केतकी गुलाब जुही’ पुन्हा एकदा ऐका, आणि या वेळी दोन्ही आवाजांकडे वेगवेगळं लक्ष द्या. दिग्दर्शक राजा नवाथे, संगीत शंकर-जयकिशन यांचं. दरबारात गाण्याची स्पर्धा आहे. नायक भारतभूषण, त्याचा आवाज मन्ना डे. समोरच्या गवयाचा आवाज पंडित भीमसेन जोशी! आणि कथेप्रमाणे जिंकायचं आहे नायकाला.

मन्नादांची तालीम काही कच्ची नव्हती. काका कृष्णचंद्र डे यांच्याकडे ते लहानपणापासून शिकले होते. तरीही भीमसेनजींसमोर गाऊन जिंकायचं, या कल्पनेनेच ते इतके धास्तावले, की काही दिवस गावाबाहेर निघून जावं असं त्यांच्या मनात आलं. पत्नी सुलोचना यांनी समजूत घातली, मग कसून रियाज झाला. रेकॉर्डिंगनंतर भीमसेनजींनीच त्यांना शास्त्रीय गाणं मनावर घ्यायला सुचवलं, असं मन्नादा सांगत.

मला या गाण्यात भीमसेनजींचा मोठेपणा फार भावतो. तेव्हा ते ३४ वर्षांचे, ऐन भरात. पडद्यावर आपला आवाज हरणार हे ठाऊक असूनही त्यांनी एकही तान हातचं राखून घेतलेली नाही. तार षड्जाकडे झेपावणारा तो बसंत राग ऐका! शेवटी ताना एकमेकींत मिसळतात, तो भाग हेडफोन लावूनच ऐका. मन्नादांचा गोलावा आणि भीमसेनजींचा दमसास तिथे स्पष्ट वेगळे कळतात.