क्वार्टरबॅकचे यश कुणाचे?

अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, सॅम डार्नल्ड याला 2018 मध्ये न्यू यॉर्क जेट्स या संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीत तिसऱ्या क्रमांकावर घेतले आणि तीन हंगामांनी दुसऱ्या संघाला देऊन टाकले. तोच 2024 मध्ये मिनेसोटाकडून खेळला आणि संघाने 14 सामने जिंकले. जेट्सने त्याला सोडलेच कसे, यावर चाहते हमरीतुमरीवर येतात. मला हा प्रश्न अपुरा वाटतो. चेंडू फेकायला क्वार्टरबॅकला जेमतेम अडीच-तीन सेकंद मिळतात, तेही त्याला वाचवणारी पुढची पाच सहकाऱ्यांची भिंत टिकली तर. आकडे त्याच्या नावावर लागतात, कमाई मात्र सगळ्यांची असते. मग चांगल्या खेळाडूला पैसे मोजूच नयेत? जरूर मोजावेत, पण संघाच्या एकूण पगाराला मर्यादा आहे, 2024 मध्ये ती 25.54 कोटी डॉलर होती. त्यातला मोठा वाटा एकट्याला दिला, की त्याच्यापुढची भिंत उभारायला तितके कमी उरतात.