‘वाहून नेणे’ : एका क्रियापदाची कायदेशीर मर्यादा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पिस्तूल बाळगण्याचे नियम राज्यागणिक भिन्न आहेत. मोटारीने राज्यसीमा ओलांडणाऱ्यास १९८६ च्या संघीय कायद्याने संरक्षण दिले; मात्र प्रस्थानी व गंतव्यस्थानी शस्त्र बाळगणे व वागविणे त्यास वैध असावे लागते. शस्त्र रिकामे हवे. ते व गोळ्या आसनांपासून सहज हाती येता कामा नयेत. डिकी स्वतंत्र नसल्यास कुलूपबंद पेटी आवश्यक होय; डॅशबोर्डाचा खण चालत नाही.

प्रश्न उरतो तो मुक्कामाचा. विमान चुकल्याने न्यू जर्सीत हॉटेलात राहिलेल्या प्रवाशास तुरुंगवास घडला. रात्री सामान, म्हणजेच पिस्तूल, त्याच्या हाताशी होते. म्हणून संरक्षण लागू नाही, असे संघीय अपील न्यायालयाने २०१० मध्ये ठरविले. तात्पर्य, प्रवासाचा हेतू निर्दोष असला तरी ‘हाताशी असणे’ या पदाचा अर्थच निर्णायक ठरतो.