गळातून परत पाण्यात

नगर जिल्ह्यात ‘बहात्तर साल’ एवढं म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. खडी फोडायची कामं, सुकडी, रेशनवर आलेली तांबडी मिलो. ती मिलो अमेरिकेतून आली होती. त्याच १९७२ मध्ये त्याच अमेरिकेत रे स्कॉट नावाच्या माणसाने गळाच्या स्पर्धांत उतरणाऱ्यांना एक आवाहन केलं: पकडलेला मासा मारू नका. आमच्याकडे माणसं पाण्यासाठी वणवण फिरत होती आणि तिकडे मासा जिवंत सोडण्याची मोहीम निघाली होती. एका गोष्टीचा दुसरीशी काडीचा संबंध नाही. तरीही मला मागोवा इथूनच घ्यावासा वाटतो. राहुरीजवळच्या मुळा धरणाचं काम त्याच सुमारास पुरं होत होतं, आणि त्यानंतरच्या पन्नास वर्षांत मासा कसा सोडायचा हे जगाला समजत गेलं, तर तो कुठे सोडायचा हा प्रश्न आमच्या नद्यांवर अवघड होत गेला.

स्कॉट हा अलाबामातला विमा विकणारा माणूस. १९६७ च्या जूनमध्ये त्याने आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर बास माशाची पहिली मोठी स्पर्धा भरवली. १०६ जण आले, प्रत्येकी १०० डॉलर भरून. पुढच्याच वर्षी त्याने बास पकडणाऱ्यांची संघटना काढली. बास, त्यातही मोठ्या जबड्याचा लार्जमाउथ बास, हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्याचा शिकारी मासा. आपल्याकडे तो मुळातला नाही. गळाला लागला की पाण्याबाहेर झेपावतो, डोकं झटकतो, म्हणून हौशी लोकांचा लाडका. पहिल्या स्पर्धांत मासे दोरीत ओवून आणायचे, वजन करायचं, फोटो काढायचा आणि मेलेला ढीग वाटून टाकायचा, अशी रीत होती. तळ्याकाठचे लोक कुरकुरू लागले, की ही मंडळी येतात आणि आमचं तळं धुऊन नेतात. ट्राउट पकडणारे लोक मासा अलगद पाण्यात सोडतात हे स्कॉटने पाहिलं होतं. त्याने तीच गोष्ट बासच्या स्पर्धेत आणली. होडीत पाणी खेळतं ठेवणारी, हवा मिसळणारी टाकी हवी. मेलेला मासा वजनाला आणला तर गुण कापले जाणार. बक्षिसाच्या लोभालाच त्याने मासा जगवायच्या कामाला लावलं. हे त्याचं मोठेपण मला मनापासून वाटतं. उपदेशाने जे वर्षानुवर्षं झालं नसतं, ते नियमाने काही हंगामांत झालं.

पण मासा पोहत गेला म्हणजे वाचला असं नव्हे. हे कळायला पुढची पंचवीस वर्षं गेली. जीन वाइल्ड या संशोधकाने १९९८ मध्ये तोवरच्या स्पर्धांची आकडेवारी एकत्र मांडली. वजनकाट्यापर्यंत येताना मरणारे मासे सत्तरच्या दशकापेक्षा बरेच कमी झाले होते. सोडल्यावर काही दिवसांनी, कुणाच्या नजरेला न पडता मरणारे मात्र तसे कमी झाले नव्हते. पाणी जितकं गरम, तितके मृत्यू जास्त. कारण साधं आहे. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. दमलेल्या माशाला हवा जास्त लागते आणि नेमकी तेव्हाच पाण्यात ती कमी असते. खोल पाण्यातून झटकन वर ओढलेल्या बासच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. त्याला ती हवा तोंडावाटे सोडता येत नाही, मग तो वर तरंगत राहतो आणि उन्हात भाजतो. कार्पच्या कुळातल्या माशांच्या, म्हणजे आपल्या रोहू, कटला, महाशीर यांच्या, पिशवीतून अन्ननलिकेत नळी जाते, त्यामुळे त्यांना हा त्रास त्या मानाने कमी.

बासची एक गोष्ट मला फार लागते. वसंतात नर बास उथळ पाण्यात शेपटीने गाळ झाडून वाटीएवढी नव्हे, चांगली परातीएवढी जागा स्वच्छ करतो. मादी अंडी घालून निघून जाते. नर तिथेच थांबतो, पंख हलवत अंड्यांवरून पाणी फिरवत राहतो, जवळ येणाऱ्या प्रत्येकावर धावून जातो. म्हणूनच त्या दिवसांत तो गळाला सहज लागतो, कारण भूक नसतानाही तो आमिषावर तुटून पडतो. त्याला पकडून काही मिनिटं जरी दूर ठेवलं, तरी टपलेले छोटे मासे अंडी खाऊन टाकतात. मग नर कितीही जपून सोडा, त्याचं घर बसलेलं असतं. स्पर्धेत तर त्याला दिवसभर टाकीत घालून मैलोगणती दूर नेतात आणि वजनाच्या धक्क्याशी सोडतात. या दुखण्यावर निघालेला उपाय २०११ मध्ये सुरू झालेल्या मेजर लीग फिशिंग या स्पर्धेत दिसतो. होडीतच पंच बसतो, मासा तिथल्या तिथे तोलतो आणि जिथे पकडला तिथेच लगेच सोडायला लावतो. चाळीस वर्षांनी का होईना, माशाचा प्रवास वाचला.

हवेत किती वेळ धरायचा, याचा हिशेब कॅनडातल्या फर्ग्युसन आणि टफ्ट्स यांनी १९९२ मध्ये रेनबो ट्राउटवर मांडला. दमवलेला मासा पाण्यातच राहिला तर १०० पैकी ८८ जगले. अर्धा मिनिट हवेत धरला तर ६२. पूर्ण मिनिट धरला तर फक्त २८. ट्राउट थंड पाण्याचा नाजूक मासा आहे, हेच आकडे मुळेतल्या माशाला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. तरी मोबाइल शोधण्यात, चेहरे नीट करण्यात आणि ‘अजून एक’ म्हणण्यात एक मिनिट कसा सहज जातो ते आपण सगळे जाणतो.

गेल्या काही वर्षांत भंडारदऱ्याच्या आणि मुळा धरणाच्या काठावर रॉड-रील घेऊन येणारी तरुण मंडळी दिसू लागली आहेत. त्यांतले बरेच जण मासा सोडतात, त्याचं मला कौतुक आहे. मात्र एप्रिलच्या दुपारी तापलेल्या काळ्या कातळावर मासा ठेवून मोजपट्टी लावली जाते तेव्हा जीव तुटतो. त्या दगडाला आपण तळहात टेकवू शकत नाही. माशाच्या अंगावरची बुळबुळीत साय हीच त्याची रोगाविरुद्धची ढाल असते आणि ती त्या दगडाला चिकटून राहते. आठवड्याने त्या जागी पांढरी बुरशी धरते. हात ओले करा, मासा पाण्यातच धरा, एक हात पोटाखाली, एक शेपटीच्या देठाशी, तोंड प्रवाहाकडे. तोल सावरला की तो स्वतःच निसटतो. पुढे-मागे हिसके द्यायची गरज नसते. गळाचा काटा बोथट करून घेतला, म्हणजे उलटं टोक पक्कडीने दाबलं, की काढायला दोन सेकंद लागतात. गळ घशात गेला असेल तर ओढू नये, दोर कापून द्यावा.

महाशीर हा या बाबतीत दख्खनचा बास म्हणावा असा मासा. दख्खनच्या महाशीरला शास्त्रीय नाव मिळालं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून. मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करणाऱ्या कर्नल साइक्सने १८३९ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. (ही मुळा वेगळी, आमची मुळा हरिश्चंद्रगडाच्या परिसरातून निघते आणि प्रवरेला मिळते.) हा मासा गोदावरी आणि कृष्णा या दोन्ही खोऱ्यांतला. १९७० च्या आसपास राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे माजी संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी त्याच्या अंडी घालण्याच्या सवयींवर मूलभूत काम केलं, आणि लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाकाठी त्याची उबवणी उभी राहिली. पुढे एस. एन. ओगले यांनी ती वाढवली. तलावातून मादी जाळ्याने धरायची, पोट हलकेच दाबून पिवळसर अंडी भांड्यात घ्यायची, नराचं पाणी त्यात मिसळायचं आणि मादीला परत तलावात सोडायचं. स्पर्धा नाही, बक्षीस नाही, पण जिवंत पकडून जिवंत सोडण्याचं हे महाराष्ट्रातलं सर्वांत चांगलं उदाहरण मी मानतो. लाखो पिल्लं इथून देशभर गेली.

आणि त्यांतूनच एक कटू धडाही आला. ही पिल्लं कावेरीतही सोडली गेली. कावेरीत कुबड असलेला, केशरी पंखांचा महाशीर होता, जगातल्या मोठ्या महाशीरांपैकी एक. तिथे मासे पकडून सोडणाऱ्या हौशी लोकांसाठी छावण्या होत्या, आणि गालिबोरेच्या छावणीत कोणता मासा किती वजनाचा लागला याची वही ठेवली जायची. १९९८ ते २०१२ च्या त्या नोंदी एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि सहकाऱ्यांनी तपासून २०१५ मध्ये छापल्या. बाहेरून आलेले निळ्या पंखांचे मासे वाढत गेले होते, कुबडवाला दिसेनासा होत चालला होता. २०१८ मध्ये त्याची नीट ओळख पटली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. हौशी लोकांनी प्रत्येक मासा जपून सोडला होता. पण त्यांच्या वहीने जे सांगितलं, ते त्यांच्या ओल्या हातांनी थांबवता येण्यासारखं नव्हतं.

त्याच नदीत शॅनन बोवर आणि तिच्या सहकाऱ्यांनी निळ्या पंखाच्या महाशीरला गळ लागल्यावर काय होतं हे तपासलं. त्यांचं काम २०१६ मध्ये आलं. एकही मासा दगावला नाही, बहुतेकांना गळ तोंडातच लागलेला होता. मात्र मासा जितका मोठा आणि झुंज जितकी लांबली, तितका त्याचा तोल जास्त ढळला. म्हणजे महाशीर चिवट आहे, पण मोठा मासा तासभर खेळवण्यात मर्दुमकी नाही. जाड दोर वापरावा, लवकर आणावा.

जपानचं उदाहरण उलटं आहे. तिथे बास १९२५ मध्ये मुद्दाम आणून सोडला गेला. बिवा सरोवरात त्याने इतका उच्छाद मांडला, की शिगा प्रांताने २००३ मध्ये नियमच केला: पकडलेला बास पाण्यात सोडायचा नाही. अमेरिकेत जे पुण्य, ते तिथे बेकायदा. आमच्यासाठी बिवा फार जवळचं आहे, कारण आमच्याकडे चिलापी आहे. मूळ आफ्रिकेतला, १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया. काही वर्षांतच त्याच्या प्रसारावर बंधन घालायची शिफारस झाली, तोवर तो हाताबाहेर गेला होता. कर्जत तालुक्यापर्यंत येणाऱ्या उजनीच्या फुगवट्यात आज जाळ्यात भरून येते ती चिलापीच. ती पकडली तर घरी न्यावी, खावी. सोडू नये. सोडण्याची सवय चांगली आहे म्हणून सगळंच सोडायचं, असं होत नाही.

इथे मला एक गोष्ट ठामपणे म्हणायची आहे. मासा सोडा हे सांगायचं ते हौशी माणसाला, पर्यटकाला. अकोल्याच्या डोंगरात पहिल्या पावसात ओढ्याला चढणीचे मासे येतात, तेव्हा महादेव कोळी, ठाकर घरांतली पोरं रात्री बत्ती घेऊन निघतात. वर्षात फुकट मिळणारं एवढंच चांगलंचुंगलं त्यांच्या ताटात येतं. धरणावर कांडाळं टाकणाऱ्या भोयाच्या रोजच्या पोटालाही हा उपदेश लावू नये. यांच्या हातून नदी रिकामी झालेली नाही. ब्लिचिंग पावडर टाकून, सुरुंग लावून, करंट सोडून एका रात्रीत डोह मारणारे वेगळे, आणि स्फोटकं वा विष वापरून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. तो कायदा नुसता पाळला गेला तरी पुष्कळ होईल. समुद्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते हे सगळ्यांना ठाऊक आहे. गोड्या पाण्यातला मासाही त्याच दिवसांत पोटात गाभोळी घेऊन वर निघतो, याची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही.

वर निघतो, पण जाणार कुठे? प्रवरा रतनगडावरून निघते आणि टोक्याला गोदावरीत मिळते. त्या वाटेवर रंध्याचा धबधबा हा निसर्गानेच घातलेला बांध. त्याच्या वर खालचा मासा कधीच चढला नसणार. पण त्याच्या खालची सगळी नदी एकेकाळी मोकळी होती. मग ब्रिटिशांच्या काळात ओझरचा बंधारा आला. वर भंडारदरा १९२६ ला पुरं झालं. खाली १९७६ मध्ये जायकवाडी झालं आणि टोक्याचा संगम फुगवट्यात गेला. १९७० ला मंजूर झालेल्या निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण २०२३ मध्ये झालं. ज्या गावांनी पाण्यासाठी पन्नास वर्षं वाट पाहिली, त्यांच्यासमोर माशाचं दुःख मांडायला मी धजणार नाही. ते पाणी त्यांच्या हक्काचं आहे. तरी महाशीरसारख्या माशाला अंडी घालायला वाहतं, स्वच्छ पाणी आणि गोट्यांचा तळ लागतो, आणि वाळूउपशाने प्रवरा-मुळेचा तळ खरवडून निघाला आहे, हेही तितकंच खरं.

मात्र एक वाट अजून उघडी आहे. नदीवर जागोजाग कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, आणि पावसाळा आला की त्यांच्या फळ्या काढाव्याच लागतात. पूर ओसरल्यावर त्या पुन्हा बसतात. म्हणजे मासा चढतो नेमक्या त्याच महिन्यांत हे बंधारे आपोआप दार उघडतात. त्या दिवसांत बंधाऱ्याच्या मोकळ्या दारांत आडवी जाळी लावू द्यायची नाही, एवढं ग्रामसभेला ठरवता येतं. बंधाऱ्याच्या वरच्या पट्ट्यातला गोट्यांचा एखादा तुकडा वाळूच्या लिलावातून वगळता येतो. आणि गळ घेऊन येणाऱ्या पोरांना गालिबोरेसारखी एक वही देता येते. तारीख, जागा, कोणता मासा, किती लांब, सोडला की नेला. मुळा आणि प्रवरेतल्या माशांची अशी सलग वही पाच पावसाळे जरी चालली, तरी लोणावळ्याची पिल्लं इथे आणावीत की इथलाच उरलासुरला मासा आधी शोधावा, हे अंदाजाने ठरवावं लागणार नाही.